रुमालाखाली घेतलेलं घर

छगन पटेलांनी आयुष्यात एकच विद्या मनापासून केली होती, घोडा पारखण्याची. सारंगखेड्याच्या जत्रेत कुणी नवखा घोडा घ्यायला निघाला की छगनभाईंना बोलावणं यायचं. ते दात बघत, खूर उचलून बघत, अंगावरचे भोवरे मोजत आणि शेवटी मान हलवत. मान उभी हलली की आडवी, हे नवख्याला कधीच कळायचं नाही. त्यामुळे छगनभाईंचा सल्ला आजवर एकदाही चुकला नव्हता.

याच विद्येच्या जोरावर त्यांनी शहाद्यात दुमजली घर घेतलं.

निमित्त त्यांच्या बायकोच्या, तापीबाईंच्या गुडघ्यांचं. डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची ऑपरेशनची तारीख दिली होती. पुढे तीन महिने रोज व्यायामाला दवाखान्यात यायचं आणि जिना चढायचा नाही. गावाहून रोज शहाद्याला ये-जा करायची तर त्या रस्त्यावर नवे गुडघेही जुने झाले असते. म्हणून छगनभाईंनी बायकोला शब्द दिला की शहरात घर घेतो आणि तुला तळमजल्यावर ठेवतो. शब्द देताना ओट्यावर अख्खी भावकी बसलेली होती, त्यामुळे तो परत घ्यायची सोय राहिली नाही.

घर भोगीलालशेठचं. मुलं सुरतेला स्थिरावली होती, शेठही निघाले होते. छगनभाईंनी घराची पारख रीतसर केली. भिंतींवर थापा मारल्या, गच्चीवर सहा बादल्या पाणी ओतून खाली छत बघत उभे राहिले, दारं उघडून मिटून पाहिली. तळमजल्यावर जाहेदाबेन नावाची विधवा बाई राहायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर शाळांचे गणवेश शिवायची. मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे आणखी एक खोली. तिने छगनभाईंना चहा दिला. चहा चांगला होता, हे त्यांनी घराच्या जमेच्या बाजूत धरलं.

बाईचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही, असं नाही. पडला आणि लगेच सुटला. जत्रेत घोडा विकला की विकणारा आपलं जीन काढून नेतो, ही रीत. भोगीलालशेठही आपली भाडेकरू काढून नेतील. इतक्या उघड गोष्टीबद्दल विचारणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं.

सौदाही जत्रेच्या रीतीनेच झाला. भोगीलालशेठ जुने जत्राकरी. दोघांनी हातावर रुमाल टाकला आणि खाली बोटं दाबून किंमत ठरवली. बोटांनी किंमत सांगता येते, भाडेकरू सांगता येत नाही. खरेदीखतात मात्र ती नीट सांगितलेली होती, ‘भाडेकरूच्या ताब्यासह’ या शब्दांत. पण छगनभाईंनी त्यातलं स्वतःचं नाव आणि चतुःसीमा एवढंच वाचलं आणि सही ठोकली.

आठ दिवसांनी ते नारळ आणि नवं कुलूप घेऊन गेले. जाहेदाबेनने खुर्ची दिली, पुन्हा चहा दिला. मशीन चालूच होती.

“जाहेदाबेन, सामान कव्हय हलावशात?”

“कोन्हं सामान, भाई?”

“तुमनं. घर आते मन्हं शे ना.”

“शे ना, मुबारक हो. घर तुमनं शे, नि त्यामा ऱ्हानारी मी शे.”

छगनभाईंनी तिला समजुतीच्या सुरात जत्रेची रीत सांगितली. तिने दोरा दातांनी तोडला.

“मी काय जीन शे का भाई, घोडावरतून काढीसन लई जावाले?”

मग तिने शांतपणे बाकीचं सांगितलं. बावीस वर्षं याच दारावर गिऱ्हाईक येतं. ती दुसरीकडे गेली तर मशीन येईल, गिऱ्हाईक येणार नाही. भाडं आता भोगीलालशेठऐवजी छगनभाईंना मिळेल आणि पावती द्यावी लागेल. आणि मालक आलेच आहेत तर मागच्या भिंतीला ओल धरते, ती बघून घ्यावी. छगनभाई नारळ तसाच घेऊन परतले. परतताना त्यांनी ओल मात्र बघितली.

वकिलांनी खरेदीखत वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मालक बदलल्याने भाडेकरू बदलत नाही, असं ते म्हणाले. पाणी किंवा वीज तोडायचा विचार असेल तर तो इथेच सोडून जावा. स्वतःला राहायची खरी गरज आहे म्हणून दावा लावता येईल. गुडघे असल्यामुळे दावा चांगला आहे. पण कोर्ट बाईचीही अडचण तोलून बघेल. किती दिवस लागतील, यावर वकील म्हणाले की तोवर दुसऱ्यांदा गुडघे बदलायची वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना.

घरी छगनभाईंनी रंगाचं काम निघाल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांनी रंग अजून वाळला नसल्याचं सांगितलं. ऑपरेशनची तारीख दहा दिवसांवर आली तेव्हा तापीबाईंनी मुलाला, मिथुनला, गाडी काढायला लावली आणि रंग बघायला स्वतः गेल्या. छगनभाई मागच्या सीटवर बसले.

दारातल्या तीन पायऱ्या चढायला तापीबाईंना इतका वेळ लागला की जाहेदाबेन मशीन सोडून हात द्यायला बाहेर आली. आत गेल्यावर सगळा उलगडा चहाच्या पहिल्या घोटातच झाला.

“मिथुनना बाप, तुम्ही घर लिधं, नि घरमा कोन शे ते इचारंच नही?”

छगनभाईंनी मान हलवली. उभी की आडवी, हे याही वेळी कळलं नाही.

तापीबाईंनी त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. आत दोघींचं बोलणं तासभर चाललं. त्यातला बराच वेळ कुठलं तेल चोळावं यावर गेला, कारण मशीनच्या पायडलने जाहेदाबेनचेही गुडघे कुरकुरत होते. तापीबाईंनी तिला घर सोडायला सांगितलंच नाही. त्यांनी फक्त मागच्या खोलीत काय असतं एवढं विचारलं. गणवेशाचे तागे, जाहेदाबेन म्हणाली. पण ते मेपासून भरायला लागतात, तोवर खोली रिकामीच असते. लेक अस्मा लग्न होऊन खापर गावी गेल्यापासून तिथे कुणी झोपत नाही.

बाहेर येऊन जाहेदाबेनने छगनभाईंना एकच अट सांगितली.

“कागद करा भाई. नही ते उद्या तुम्हीच कोरटमा सांगशात, जाहेदानी मालकले न इचारता घरमा मानूस ठेवं.”

वकिलांना जाहेदाबेनचं फार कौतुक वाटलं. परवानगीशिवाय दुसऱ्याला आत ठेवलं तर भाडेकरूला बाहेर काढायला ते कारण होऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी कागद केला: ‘मी, मालक, माझ्या भाडेकरू जाहेदाबी यांना, माझी पत्नी तापीबाई हिला मागच्या खोलीत एप्रिलअखेर ठेवून घेण्यास परवानगी देतो.’ हा कागद छगनभाईंनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. दोनदा वाचला. मग त्यात आपण कुठे राहतो, असं त्यांनी विचारलं. वकिलांनी सांगितलं की वरचा मजला मोकळाच आहे.

मागची भिंत खरवडून नवा गिलावा झाला, मालकाच्या खर्चाने. ऑपरेशन नीट पार पडलं आणि तापीबाई तळमजल्यावर राहायला आल्या. शब्द पाळला गेला, भावकीने छगनभाईंची तारीफ केली.

रोज सकाळी ते चौदा पायऱ्या उतरून खाली येतात आणि दार वाजवतात.

“कोन शे?” आतून जाहेदाबेन विचारते.

“मी. मालक.”

“मालक, जरा थांबा. तापीबेन व्यायाम करी ऱ्हायन्यात.”

मग छगनभाई शेवटच्या पायरीवर बसून राहतात. परवा एक बाई मुलीच्या गणवेशाचं माप द्यायला आली. शिवणाऱ्या बाई आहेत का, तिने विचारलं. आहेत, पण थांबावं लागेल, ते म्हणाले आणि तिला बसायला जागा करून दिली. तुम्ही इथले कोण, असं तिने सहज विचारलं. छगनभाईंनी थोडा विचार केला.

“वर राहतो,” ते म्हणाले.