तारेवरचा निळा रुमाल

कावेरीबाईंनी नियम केला तेव्हा तो आपल्याच गळ्यात येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन हजार दोन सालचा जानेवारी. दुबईच्या करामा भागातल्या चौदा मराठी माणसांनी ठरवलं, की अबू धाबीच्या मकता पुलापासून बर दुबईच्या शंकराच्या देवळापर्यंत पायी जायचं. सव्वाशे किलोमीटर. नोकरीवाल्यांना एवढी रजा कोण देणार, म्हणून दर शुक्रवारी बारा-तेरा किलोमीटर चालायचं. जिथे थांबू तिथे हायवेच्या कडेच्या तारेच्या कुंपणाला खणाची चिंधी बांधायची आणि पुढच्या शुक्रवारी त्याच चिंधीपासून पाऊल उचलायचं. गजर नाही, झेंडा नाही, जप मनातल्या मनात. परका मुलूख, आपण आपलं गुपचूप चालावं. अन्वर पठाणाची व्हॅन मागून यायची, आणि त्याच्या जुम्म्याच्या नमाजाआधी सगळे घरी परतायचे.

पाणी कावेरीबाईंचं. वाईहून कृष्णेचं पाणी त्यांनी सासूच्या तांब्याच्या गडव्यात, तोंडाला लाख लावून आणलं होतं. महाशिवरात्रीला ते पिंडीवर घालायचं, तोवर गडवा हातोहात चालणार. तिसरी यत्ता शिकलेली बाई, पण मुलगा, सून, नात सगळं घर तिच्या जिभेच्या धाकात. इथे आल्यावर ती जीभ काय मुक्या वाळवंटाला घाबरणार होती?

पहिल्याच शुक्रवारी विलासची टाच सोलली. विलास म्हणजे पतपेढीतल्या कारकुनासारखा शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला अकाउंटंट. अर्धा किलोमीटर तो बिचारा व्हॅनमध्ये बसला. उतरून त्याने गडव्याकडे हात केला, तर कावेरीबाईंनी गडवा पदराआड घेतला. ज्याचं एक पाऊल चुकलं त्याने याला शिवायचं नाही, त्या म्हणाल्या. विलास ओशाळून मागे सरला. बायको उर्मिला डोळे पुसत चालली. बाकीच्यांना वाटलं, काय निष्ठा आहे काकूंची.

एकट्या सुहासिनीला तसं वाटलं नाही. ती पुण्याची, बँकेतल्या चारुदत्तांची बायको, आणि पुढारीपण तिचं. ती अनवाणी चालायची आणि अनवाणी नसलेल्यांच्या पायांकडे बघायची. कावेरीबाई नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालायच्या. नात दियाने पसंत केलेले. "आजी, दे लुक कूल," पोरगी म्हणाली होती. सुहासिनी म्हणाली, काकू, देवाला चाललोय की जिमला? कावेरीबाई म्हणाल्या, देव तळवे तपासत नाही, तू तपासतेस. तिथून दोघींचं जुळलं नाही ते नाहीच.

चौथ्या शुक्रवारी घात झाला. कावेरीबाईंचा व्हिजिट व्हिसा संपत होता. देशाबाहेर जाऊन नवा घेऊन यायचा, म्हणून मुलगा सिद्धांतने आईला बुधवारी इराणच्या किश बेटावर पाठवलं. गुरुवारी परत, तो म्हणाला. नव्या व्हिसाचा कागद आला शनिवारी. तीन दिवस कावेरीबाई लॉजच्या खाटेवर बसून कागदाची वाट पाहत होत्या, आणि इकडे बारा किलोमीटर त्यांच्याविना चालले गेले.

पाचव्या शुक्रवारी त्या व्हॅनमध्ये चढल्या तेव्हा गडवा सुहासिनीच्या मांडीवर होता.

"काकू, नियम तुमचाच ना?" ती गोड आवाजात म्हणाली.

सासूचा गडवा, वाईचं पाणी, आणि हात लावायची चोरी. कावेरीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या दिवशी निघायला उशीर झाला होता. दुबईहून येताना एका पुलावरून अन्वरने गाडी परतीच्या बाजूला वळवली आणि पुलाखाली थांबवली. चारुदत्त म्हणाले, इथूनच. विलास कुंपणाची तार चाचपत मागे-पुढे झाला. काकू नाहीत म्हणून गेल्या खेपेला खूण त्याने बांधली होती, स्वतःचा निळा रुमाल. तो दिसत नव्हता. वाऱ्याने गेला असेल, चारुदत्त म्हणाले, आणि सगळे चालू लागले.

कावेरीबाई घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. रडणं त्यांना ठाऊक नव्हतं. मंगळवारी पहाटे त्यांनी अन्वरला बोलावलं. सिद्धांत म्हणाला, आई, एकटी हायवेवर? त्या म्हणाल्या, एकटी कशी, तुझा बाप वर बसून बघतोय की.

तिसऱ्या शुक्रवारची खणाची चिंधी तारेवर तशीच होती. तिथून त्यांनी चालायला सुरुवात केली. उजवीकडे वाळू, डावीकडे ट्रक, मागे अन्वर. एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, बाईंना काय झालं? अन्वरने अरबीत काहीतरी सांगितलं. पोलिसाने पाण्याची बाटली दिली, हात छातीशी नेला आणि गेला. एवढ्या वाटेत पायांकडे न बघणारा हा पहिलाच माणूस, कावेरीबाईंच्या मनात आलं.

बारा किलोमीटर झाले आणि त्या थबकल्या. समोर तारेला निळा रुमाल. कोपऱ्यात उर्मिलाने भरलेलं पिवळं फूल.

पण गेल्या शुक्रवारी जिथून पाऊल उचललं तो पूल कुठे होता? पूल तर लांब, उन्हात काडीएवढा दिसत होता.

अन्वरने कबूल केलं. चारुदत्त साहेबांनीच सांगितलं होतं, रुमालापाशी पुढच्या पुलावरून वळून यायला वीस किलोमीटर जादा पडतात, इथूनच वळ. "मैं तो ड्रायव्हर हूँ, अम्मा."

कावेरीबाई हसल्या. किशवरून आल्यापासून पहिल्यांदा. रुमाल त्यांनी सोडला नाही, गाठ उलट घट्ट केली. मग पुलापर्यंतचे तीन किलोमीटर चालल्या. त्या वाळूत चौदातल्या कुणाचंही पाऊल नव्हतं. आता त्यांचं होतं.

सहाव्या शुक्रवारी व्हॅन सुटल्यावर त्यांनी अन्वरला सांगितलं, लांबच्या पुलावरून वळ. चारुदत्त म्हणाले, कशाला उगाच? अन्वरने आरशात कावेरीबाईंकडे बघितलं आणि गाडी लांबच्या पुलावरून घेतली.

रुमालापाशी सगळे उतरले. विलासने फुलावरून बोट फिरवलं. उर्मिला म्हणाली, माझाच टाका आहे हा. सगळे पुलाकडे बघू लागले, मग चारुदत्तांकडे.

"वारा रुमाल उडवतो हे ऐकलं होतं," कावेरीबाई म्हणाल्या. "अख्खा पूल तीन किलोमीटर सरकवतो हे आज कळलं."

चारुदत्त चष्मा पुसायला लागले. सुहासिनीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तिला सगळं ठाऊक होतं. कावेरीबाईंनी मंगळवारचं सांगितलं, अन्वरने मान डोलावली, तशी सुहासिनीने गडवा पुढे केला. चौदा जणांत संपूर्ण वाट चाललेलं माणूस एकच होतं, आणि त्याच्या पायात पांढरे शूज होते.

त्यांनी गडवा घेतला. जड, गार, ओळखीचा. मनात आलं, आता एकेकाला सोलून काढावं. तेवढ्यात मागे उभ्या विलासकडे लक्ष गेलं. तो पहिल्या दिवसासारखाच, हात मागे बांधून उभा होता.

"नियम माझा होता, मीच मोडते," त्या म्हणाल्या. "चुकलेली वाट जो परत येऊन चालेल, त्याचं काही चुकलं नाही. विलास, धर हा. हे तीन किलोमीटर तुझे. तुझा तो अर्धा उद्या अन्वरसोबत जाऊन चालून ये."

विलासने दोन्ही हातांनी गडवा घेतला. मागे चारुदत्त, मागे सुहासिनी, आणि सगळ्यांच्या पुढे, तीच वाट दुसऱ्यांदा चालणाऱ्या कावेरीबाई.

महाशिवरात्रीला बर दुबईच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्याशी चपलांचा ढीग. पिंडीपाशी विलासने नखाने लाख काढली आणि गडवा काकूंच्या हातात दिला. पाणी पडलं. वाईच्या घाटावरचं पाणी, सव्वाशे किलोमीटर चाललेलं, त्यातलं एक पाऊलही न गाळलेलं. कावेरीबाईंनी शेवटचा थेंब पडेपर्यंत गडवा हलवला नाही.

खाली येऊन त्या शूजची नाडी बांधत होत्या. शेजारी सुहासिनी येऊन बसली. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, रक्त सुकलं होतं. ती काकूंच्या पांढऱ्या शूजकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, हे कुठे मिळाले?"

"करामातच. साठ दिरहम, आपले आठशे रुपये," कावेरीबाई म्हणाल्या आणि नाडीची गाठ ओढली. "उद्या चल माझ्याबरोबर. भाव मी करते, तुला नाही जमायचा."