घोट्यातला दोरा

बायको, आशा, गेल्याचं हिरामणला व्यायामशाळेत कळलं. पंचवटीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तो खांद्यावर बार घेऊन बैठका मारत होता. मेहुणा दत्तू दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, वजन खाली ठेवा." मग सांगितलं. दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती घरी येत होती, आडगाव नाक्यावर टेम्पोने उडवलं. साल दोन हजार तीन.

आशा एका खाजगी दवाखान्यात आया होती. नर्सबाईंच्या हाताखाली राहून सुई द्यायला शिकली होती. हिरामण जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करत होता, आणि बरोबरची पोरं घ्यायची तसली तेलकट इंजेक्शनं तोही घ्यायचा. ती आशाच द्यायची. तिला ते पसंत नव्हतं. यंदाचं शेवटचं, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण द्यायचीच तर नीट द्यायची. एकदा उजव्या कुल्ल्यात, एकदा डाव्या. एकाच जागी टोचत राहिलं की आत गाठ धरते, पू होतो, हे तिने दवाखान्यात पाहिलं होतं. हिरामणच्या मात्र कधी लक्षात राहायचं नाही, मागच्या वेळी कुठली बाजू झाली.

"सगळं डोकं दंडात उतरलंय तुमचं," म्हणत तिने त्याच्या घोट्यात काळा दोरा बांधला. सुई दिली की दोरा सोडायचा आणि दुसऱ्या पायात बांधायचा. दोरा ज्या पायात, त्या बाजूचा पुढचा नंबर. व्यायामशाळेत सगळ्यांना तो नजरेचा दोरा वाटायचा. हिरामणला लागलेली नजर सारखी पाय बदलते, म्हणून पोरं चिडवायची.

आशाने शेवटचा बांधला तो उजव्या पायात.

तेरावं झालं. स्पर्धा जवळ आली होती. हिरामणने स्वतःच सुई घेतली, उजवीकडे. मग दोरा बदलायला वाकला, गाठीला बोट लावलं आणि तसाच बसून राहिला. ती गाठ आशाच्या हातची होती. त्याने दोरा राहू दिला. पुढच्या वेळीही उजवीकडेच टोचलं, त्याच्या पुढेही. आता डावीचा नंबर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दोरा उजव्या पायात असताना डावीकडे टोचणं म्हणजे तिचा शब्द मोडल्यासारखं वाटायचं.

उजवी बाजू सुजली, दगडासारखी कडक झाली. ताप येऊ लागला. सासू गोजराबाई नांदगावहून आल्या होत्या, त्या जावयाला दोन वेळचं करून घालायला राहिल्या होत्या. त्यांना तो सांगत राहिला, पडलो म्हणून.

"पडलेला माणूस लंगडतो, जावईबापू. झोपेत कण्हत नाय," त्या म्हणाल्या आणि दत्तूला रिक्षा आणायला पाठवलं.

कापून पू काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. हे सुईमुळे झालंय, हेही त्यांनी गोजराबाईंसमोरच सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी नर्स दोरा कापायला कात्री घेऊन आली. हिरामणने पाय आखडून घेतला. नर्स वैतागली, दत्तू समजावू लागला. गोजराबाईंनी दोघांना बाजूला सारलं.

"आशाला ठाऊक होतं का हे सुईचं?"

"नाही," तो म्हणाला.

"तेच म्हटलं. तिनं घेऊ दिली असती व्हय तुम्हाला?"

मग त्या पायाशी बसल्या आणि गाठ न्याहाळत म्हणाल्या, "आम्ही शेळीला मारतो ती गाठ हाय ही. मीच शिकवलेली तिला. कापायची नाय, टोक ओढलं की सुटती."

दोरा सुटला. त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला. ऑपरेशन झाल्यावर, उजवीकडे पट्टी म्हणून, डाव्या पायात तशाच गाठीने बांधून दिला.

हिरामण आता हिंडतो-फिरतो. स्पर्धा त्याच्याविना होऊन गेली. पुढच्या वर्षीचं बोलणं व्यायामशाळेत सुरू आहे. घरात त्या तेलकट इंजेक्शनाच्या दोन बाटल्या उरल्या आहेत, त्या त्याने टाकलेल्या नाहीत. गोजराबाई नांदगावला परत गेल्या. सुई कोण देत होतं, ते त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.