सातवी पायरी

आमच्या मंडळात मला गायला बंदी होती. लेखी नव्हती, पण लेखीपेक्षा पक्की होती. पन्नास वर्षांपूर्वी, पहिल्याच बैठकीत, मी सगळ्यांबरोबर तोंड उघडलं आणि मास्तरांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"ताई, तुम्ही नुसते ओठ हलवा," ते म्हणाले. "भाव पोचतो."

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. नद्या जशा आपापल्या जागी असतात तसे सूरही असावेत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी ओठ हलवते आहे. शिवाय सतरंजी घालते, चहा करते आणि टेपरेकॉर्डर चालवते.

मंडळ बाईंच्या चाहत्यांचं. बाई म्हणजे बाईच, त्यांचं नाव घेण्याची आमच्यात पद्धत नव्हती. त्या स्वतः गाणी लिहायच्या, स्वतः चाल लावायच्या आणि स्वतःच गायच्या. त्या काळी लोकांना हे जरा आगाऊपणाचं वाटे. गाणी तरी कसली, तर बिऱ्हाड बदलण्याची, न आलेल्या पत्राची, एक तर चक्क दाढदुखीचं. पण ऐकताना आपल्याच घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. ऐन भरात आम्ही चाळीस जण होतो, आता सात उरलो आहोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मास्तरांच्या पुढच्या खोलीत जमतो. त्यात एक कंपाउंडर आहेत. ते गाण्याला रडतात. पूर्वी गाणं संपल्यावर रडायचे, हल्ली टेप लावायच्या आधीच रुमाल काढतात.

आमच्या मंडळाचा मानबिंदू म्हणजे जिन्याचं गाणं. बाईंनी ते एकदाच गायलं, आमच्याच गावातल्या सभागृहात. त्याची तबकडी कधी निघाली नाही. मास्तरांनी त्या दिवशी कुणाचं तरी अवजड यंत्र मागून आणून तिसऱ्या रांगेत बसून ते टिपून घेतलं. जगात त्या गाण्याची तेवढीच एक टेप. कामावरून दमून आलेली एक बाई जिना चढते आणि प्रत्येक पायरीला एक ओळ आहे, एवढंच गाणं. पहिली पायरी झिजलेली, चौथीवर मांजर झोपलेलं, सहावीवर कुणाच्या तरी घरातल्या फोडणीचा वास. सातव्या पायरीला मात्र शब्दच नाहीत. तिथे नुसतं गुणगुणणं येतं, बारा सेकंदांचं, आणि त्यात मध्येच एक बारीकसा हुंदका. मग आठवी पायरी.

सातवी पायरी आली की आमच्या बैठकीत सगळे उभे राहतात आणि डोळे मिटतात. ही पद्धत मास्तरांनी घातली. पाय मोडलेला असतानाही ते कुबडीवर उठले होते.

ते गुणगुणणं माझं आहे.

झालं ते असं. माझा दादा रेडिओ दुरुस्त करायचा. बैठकीसाठी एक जादा प्रत काढावी म्हणून मास्तरांनी ती टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जिवापेक्षा जपा." दादा जेवायला गेलेला असताना मी त्याच्या दुकानात यंत्र सुरू केलं, आणि त्याने बरोबर सातव्या पायरीवर फीत चावली. दादा येईपर्यंत तिचा चोथा झाला होता. त्याने चुरगळलेला तुकडा कापला, दोन टोकं चिकटवली. आता गाणं सहावीवरून थेट आठवीवर उडी मारत होतं.

"कुणाला कळतंय," दादा म्हणाला.

"मास्तर पायऱ्या मोजतात," मी म्हटलं आणि रडायला लागले.

गाणं मी दोनदाच ऐकलं होतं. सातव्या पायरीचे शब्द काही केल्या आठवेनात, चाल तेवढी डोक्यात होती. दादाने माइकवर हातरुमाल बांधला, मला दारापाशी उभं केलं आणि म्हणाला, "गुणगुण. हळू. आणि जमलं तर रडू नकोस." ते शेवटचं जमलं नाही. त्याने तो तुकडा मध्ये जोडला आणि मला सांगितलं, रविवारी मास्तरांच्या पाया पड आणि खरं सांगून टाक.

मी सांगणारच होते. रविवारी टेप लागली, सातवी पायरी आली, मास्तरांनी यंत्र थांबवलं.

"मास्तर, त्याचं असं झालं—"

"थांबा, ताई." त्यांचे डोळे भरले होते. "हे त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द संपले आणि तिथून पुढे बाई गेल्या. केवढा हा हुंदका."

ज्या माणसाने सभागृहात बसून ते गाणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तो हे म्हणत होता. ते म्हणाले, त्या दिवशी पंखे फार वाजत होते.

पुढे दोन-तीनदा मी सांगायला गेले. पण खरं सांगायचं तर फार जोर लावला नाही. दर महिन्याला चाळीस माणसं माझ्यासाठी उभी राहत होती. घरी मी खोलीत आले तर कुणी हातातला पेपरसुद्धा खाली करत नसे.

यंदा बातमी आली की बाईंचा शेवटचा कार्यक्रम आमच्या गावात आहे. बाई शहाऐंशीच्या. मास्तरांचं बाईंवरचं पुस्तक त्याच महिन्यात छापून आलं. लिहायला त्यांना तीस वर्षं लागली. त्यातलं नववं प्रकरण 'सातव्या पायरीचं मौन', बेचाळीस पानांचं. मास्तरांनी बाईंना पत्र घातलं आणि चक्क उत्तर आलं. बाईंच्या भाचीने लिहिलं होतं: कार्यक्रमाआधी तासभर भेटायला या. मावशीला जिन्याचं गाणं म्हणायचं आहे, पण तिचा कागद केव्हाच हरवला. तुमच्याकडे शब्द आणि टेप असेल तर घेऊन या.

कंपाउंडरांनी रुमाल काढला. मी मात्र पत्र पुन्हा वाचलं. बाईंनी ती टेप ऐकली की मास्तरांचं नववं प्रकरण त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळणार होतं. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा लांब, एका डोळ्याने नीट दिसत नाही. त्यांच्याकडे आता ते पुस्तक आणि आम्ही सहा जण, एवढंच होतं. ते परक्या माणसांसमोर कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं ठरवून मी बुधवारी त्यांच्या घरी गेले. ते पुस्तकाला तपकिरी कागद घालत होते.

"मास्तर, नवव्या प्रकरणाबद्दल बोलायचं होतं."

"वाचलंत? अवघड गेलं असेल."

"त्यातलं ते गुणगुणणं—"

"ताई, तिथे तळटीप आहे. चहा टाकता का जरा?"

मी चहा टाकला. पन्नास वर्षांची सवय.

शनिवारी चार वाजता आम्ही तिघं, मास्तर, कंपाउंडर आणि टेपरेकॉर्डर घेतलेली मी, रंगमंचामागच्या खोलीत गेलो. आरशाभोवतीचे दोन दिवे गेलेले होते. बाई पाय स्टुलावर ठेवून, मोजे काढून बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्याच होत्या. कंपाउंडरांना दारातच रडू फुटलं.

"यांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, ते असेच आहेत," मी म्हटलं.

मास्तरांनी पुस्तक दिलं. भाचीने पान उघडून शब्द वाचायला सुरुवात केली, बाई मान हलवत होत्या. झिजलेली पायरी, मांजर, फोडणी. सातवीला भाची अडली. "इथे कंसात 'गुणगुण' लिहिलंय, मावशी."

"छे," बाई म्हणाल्या. "सातव्या पायरीवर बादली होती."

मी मास्तरांकडे पाहिलं.

"वरच्या शेजारणीची. रोज जिन्यात मध्येच ठेवायची. मी एकदा तिच्यात पाय घालून पडले, तेव्हा तर हे गाणं सुचलं. ओळ काय होती बरं? बादली, बादली…"

मास्तर हसले. गंगेचा उगम चुकवणाऱ्या पोराकडे बघून हसायचे तसे. "नाही, बाई. तिथे बादली नाही."

"नाही?"

"नाही. मी पन्नास वर्षं ऐकतो आहे."

बाईंनी भाचीकडे बघितलं. "यांना जास्त माहीत असेल. मी काय, एकदाच गायले."

मास्तरांनी मला खूण केली. मी बटण दाबलं. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. सातवी पायरी आली तसे मास्तर आणि कंपाउंडर उठून उभे राहिले, डोळे मिटले. बाई त्यांच्याकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"हा माझा आवाज नाही," त्या म्हणाल्या.

"तरुणपणचा आहे," मास्तर समजुतीने म्हणाले. "तेव्हाचा आवाज ओळखू येत नाही माणसाला. मलाही माझे जुने फोटो ओळखू येत नाहीत."

आता मात्र मला राहवेना. ज्या बाईचं गाणं, तिलाच वेड्यात काढणं चाललं होतं, आणि तेही माझ्यापायी.

"बाई, तो आवाज माझा आहे," मी म्हटलं. "फीत यंत्रात अडकली, तुमची ओळ माझ्या हातून गेली. बादली मीच घालवली."

मास्तरांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "या आमच्या ताई. भक्ती फार. इतकी वर्षं तेच ते ऐकून कधी कधी माणूस एकरूप होऊन जातो. सुराचं मात्र अंग नाही."

बाई माझ्याकडेच बघत होत्या. "गुणगुणून दाखवा बरं."

पन्नास वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी टेपरेकॉर्डर खाली ठेवला आणि गुणगुणले. बहात्तराव्या वर्षी आवाज काय राहणार, बिजागरी करकरावी तसा आला. मास्तर छताकडे बघत होते. शेजाऱ्याचं मूल आपल्यादेखत मार खातंय तशी त्यांची मुद्रा झाली होती.

माझं संपल्यावर बाई म्हणाल्या, "आणि हुंदका कुठे गेला?"

"तेव्हा मास्तरांची भीती वाटत होती," मी म्हटलं. "आता नाही वाटत."

बाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि भाचीला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मास्तरांचं पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं, मास्तर. तुमच्या पुस्तकात आहे तसंच म्हणते. बादली राहू दे."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला माझं बोलणं जागच्या जागी गिळता आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. पण ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, तेव्हा गिळायची गरज नव्हती.

कार्यक्रमात ते गाणं शेवटचं होतं. बाई खुर्चीत बसून गायल्या, आवाज पार बारीक झालेला, पण एकेक पायरी दिसत होती. सहावी झाली. त्यांनी पेटीवाल्याला हाताने थांबवलं आणि गुणगुणायला लागल्या. आमचे सहाही जण उठले. मागून कुणीतरी "खाली बसा" म्हणून ओरडलं. मी मात्र बसून होते, मला नीट ऐकायचं होतं. मध्यावर त्यांनी श्वास तोडला आणि तिथे हुंदका घेतला, बरोबर माझ्या जागी. माझा, दारापाशी उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचा. आयुष्यभर मी त्यांची गाणी ओठ हलवून म्हटली होती. आज त्या माझं म्हणत होत्या, आणि फारच छान म्हणत होत्या.

घरी परतताना सिटी बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत नकारार्थी मान हलवत होते.

"काय हो, आवडलं नाही का?" मी विचारलं.

"बाकी सगळं उत्तम. सातवी पायरी जमली नाही." त्यांनी उसासा सोडला. "हुंदका ओढूनताणून आणला. टेपवर जो आहे ना, ताई, तो आतून आलेला आहे. तो आता बाईंनाही पुन्हा यायचा नाही."

"हं," मी म्हटलं.

"त्या वयात स्मरणही दगा देतं. बादली काय म्हणत होत्या." मग थोडं थांबून, जरा मऊ आवाजात, "आणि तुम्ही ते मघाशी का बोललात?"

"खरं आहे म्हणून."

"असं चाहत्यांचं होतं. पुढच्या आवृत्तीत तळटीप घालतो: या गुणगुणण्याविषयी मंडळात एक दंतकथाही प्रचलित आहे. तुमचं नाव नाही घालत, काळजी करू नका."

कंपाउंडर पुढच्या सीटवरून मागे वळले. "घाला की नाव," ते म्हणाले. "बिचाऱ्या पन्नास वर्षं चहा करतायत." आणि त्यांनी रुमाल काढला.

पुढच्या रविवारी बैठक नेहमीसारखीच झाली. मी सतरंजी घातली, चहा केला, टेप लावली. सातवी पायरी आली तसे सगळे उठले आणि त्यांनी डोळे मिटले. मी बसून राहिले, हातात कप घेऊन. आपल्याच मानासाठी आपणच उभं राहायचं, हे मला आता जरा अतीच वाटायला लागलं होतं. गेली पन्नास वर्षं मी तेच करत होते.

गाणं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "गुडघे का, ताई?"

"हो," मी म्हटलं. "गुडघेच."