तात्यांचं फालतू

तात्यांना पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले होते, आणि तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला होता: फालतू. पाणी हवंय, फालतू. उशी सरकली, फालतू. शेजारचे काका भेटायला आले, तर त्यांच्याकडे बघूनही फालतूच. काका बिचारे दोन बिस्किटं खाऊन मुकाट्याने निघून गेले.

आणि हा माणूस कोण? एकतीस वर्षं बसस्थानकावर माइकसमोर बसून घोषणा करणारा! कुठली बस, कुठला फलाट, किती उशीर, सगळं तात्या सांगायचे आणि त्यांच्या आवाजावर लोक निर्धास्त सामान उचलायचे. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी यंत्र आलं. त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता ते म्हणाले होते, "फालतू आवाज आहे त्याचा." नंतर महिनाभर ते त्या रस्त्याने फिरकले नव्हते.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत, सराव रोजच्या रोज झालाच पाहिजे. सरावाचा प्रोग्रॅम त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून दिला होता. पण तात्यांचा कॉम्प्युटर! तो सुरू होईपर्यंत आईची भाजी चिरून, फोडणीला पडून, वर झाकण बसायचं. त्यात नव्या प्रोग्रॅमला जागा म्हणून नव्हती.

शेवटी रविवारी सकाळी ठमी बाह्या सरसावून बसली. ठमी म्हणजे धाकटी लेक. दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कॉम्प्युटर कारखान्यातून आला तेव्हा जसा कोरा होता तसा करायचा, असं दादाने फोनवर समजावलं होतं. "'सगळं काढून टाका' असं विचारेल, त्याला हो म्हण. पण हवं ते आधी बाजूला काढ हं. एकदा पुसलं की मग बोंबलून उपयोग नाही."

ठमीने आधी फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. पेन्शनचे कागद घेतले, दवाखान्याचे रिपोर्ट घेतले. खाली एक भलंमोठं फोल्डर होतं, निम्मी जागा त्यानेच खाल्ली होती. त्याचं नाव होतं 'फालतू'.

"चला, स्वतःच लिहून ठेवलंय, बरं झालं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

शेजारच्या खुर्चीत बसलेले तात्या एकदम ताठ झाले. "फालतू," ते म्हणाले.

"हो तात्या, फालतूच आहे. म्हणून तर पुसतेय."

"फालतू! फालतू!" त्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. उजवा हात अजून मांडीवर नुसता पडून असायचा.

"अहो, कळलं हो मला! तुमच्यासाठीच मरतेय ना मी इथे? एक रविवार मिळतो मला." बोलून गेली आणि ठमीला स्वतःचीच लाज वाटली. पण हात थांबला नव्हता. पडद्यावर शेवटचा प्रश्न येऊन उभा होता: यानंतर काहीही परत मिळणार नाही, सुरू करायचं का?

तात्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय चाललंय गं त्यांचं?" आई हात पुसत दारात आली. "फालतू म्हणजे नक्की काय म्हणतायत ते तरी विचार. मी विणलेला स्वेटर पहिल्यांदा घातला तेव्हाही फालतूच म्हणाले होते, आणि मग ऐन उन्हाळ्यात अंगातून काढेनात. तू शाळेत पहिली आलीस तेव्हा 'फालतू निकाल' म्हणाले आणि पेढे वाटताना गल्लीतलं एक दार सोडलं नाही. या माणसाने आवडत्या गोष्टीला कधी सरळ नावाने हाक मारली आहे का?"

 ठमीने हलकेच 'रद्द करा' दाबलं आणि 'फालतू' उघडलं. आत सहाशेच्या वर आवाजाच्या फाइली होत्या, प्रत्येकीवर तारीख. तिने सगळ्यात शेवटची लावली. झटक्याच्या आदल्या दिवसाची होती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तोच आवाज, भरदार, एकेक अक्षर सुटं. "स्वयंपाकघरातून सुटणारा चारचा चहा आज वीस मिनिटे उशिरा येत आहे. दवाखान्यातून येणारी ठमी रागावून येण्याची शक्यता आहे. प्रवाशांनी दारापासून दूर उभे राहावे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अगं बाई!" आईने कपाळावर हात मारला. "दुपारी खोलीत बसून पुटपुटायचे, मला वाटायचं फोनवर बोलतायत. चहावर टोमणे मारत होते होय!"

ठमी हसत होती आणि रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने तीच फाइल पुन्हा लावली. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला तात्यांचे ओठ हलायला लागले. आवाज पुढे पळत होता, ते मागून धडपडत होते. आणि शेवटाला आल्यावर, अगदी आवाजाबरोबर, खरखरत का होईना, पण स्पष्ट शब्द आले, "दिल...गीर आहोत."

 तात्यांनी स्वतःचाच गळा चाचपला.

मग ठमीने 'फालतू' जपून पेन ड्राइव्हवर घेतलं, दोनदा उघडून तपासलं, आणि तेव्हाच 'सगळं काढून टाका'ला हो म्हटलं. आकडे पुढे सरकत राहिले. जेवणं झाली, आईने भांडी आवरली, तात्या मात्र खुर्चीतून हलले नाहीत. दुपारी कॉम्प्युटर कोरा करकरीत होऊन उठला. त्यात पहिलं गेलं 'फालतू', दुसरा बाईंचा प्रोग्रॅम. संध्याकाळपर्यंत तात्या आवाजाबरोबर "कृपया लक्ष" आणि "फलाट" म्हणू लागले. आवाज थांबला की मात्र पुन्हा फालतू. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "हेच हवं होतं, रोज लावा. आपल्याच आवाजाचं बोट धरून शब्द येतील."

सगळ्या गडबडीत चहा राहूनच गेला होता. आई कप घेऊन लगबगीने आली तेव्हा पाच वाजून गेले होते. कॉम्प्युटर बंद होता. तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, तोंड उघडलं. त्या दोघी थांबल्या.

"चहा," तात्या म्हणाले. मग बराच वेळ शोधून, "उशिरा."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, झटका येईपर्यंत चहावरून ऐकून घेतलं नाही असा आईचा एक दिवस गेला नव्हता. ती कप तसाच हातात धरून त्यांच्यासमोर बसली.

"परत म्हणा," ती म्हणाली. "अहो, परत एकदा रागवा ना माझ्यावर."