समोरची शिडी

माझ्या मुलीचं, टिनाचं, लग्न होऊन ती पेणकरपाड्याला राहायला गेली ते साल २०१७. त्याच साली नाताळच्या आठवड्यात डॅरेनचा उजवा हात गेला.

डॅरेन माझा एकुलता मुलगा. इनास नाखव्याच्या बोटीवर खलाशी होता. जाळं ओढताना दोर विंचमध्ये, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात, अडकला आणि दोरासोबत हात मनगटापर्यंत गेला. बोट उत्तनच्या बंदराला लागली तेव्हा मी तिथेच उभा होतो. पोरगं पांढरं पडलं होतं. इनास उतरला आणि माझ्याकडे न बघता जमलेल्या लोकांना म्हणाला, "प्यायलेला होता. नाताळ हाय, काय बोलणार पोरांना?"

डॅरेन पीत नाही. पण नाताळचा आठवडा होता, त्यामुळे सगळ्यांना पटलं. खरं काय झालं ते डॅरेनने मला इस्पितळात सांगितलं. दोर अडकल्यावर विंच बंद करायला हवा होता. इनास ओरडला, "बंद नको करू, जाळं जाईल, हात घालून सोडव." बोटीवर बाकीचे दोन खलाशी होते. ते इनासच्याच भाकरीवर जगत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

हात गेला तो गेला. पण नावही गेलं. गोडदेवच्या एका चांगल्या घरातली मुलगी बघितली होती, त्यांनी निरोप पाठवला की दारूड्याला देणार नाही. आता डॅरेन केबिन रोडवर एका कपड्याच्या दुकानाच्या दारात बसतो. दर डिसेंबरात बंदरावर कोणीतरी म्हणतंच, "डॅरेन, नाताळ आला रे. आता एकच उरलाय, सांभाळ." तो हसतो. मी हसत नाही.

मला इनासकडून एकच गोष्ट हवी होती. बोट नको, भरपाई नको. ज्या तोंडाने तो बंदरावर बोलला त्याच तोंडाने त्याने गावासमोर सांगावं की पोरगा शुद्धीत होता.

तोवर मी देवळात जायचो, पण 'आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना सुरू झाली आणि अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तोंड मिटायचो. पुढची ओळ आली की परत सुरू. बायको ज्युलिएट शेजारी असायची. ती एकदा म्हणाली, "तुझा देव बहिरा हाय का? ओळ गिळतोस ते त्याला कळत न्हाय?"

मी म्हटलं, "कळू दे. खोटं बोलण्यापेक्षा बरं."

आता शिडीचं सांगतो. आमच्या गावात गुड फ्रायडेला दुपारी देवळात येशूची लाकडी मूर्ती क्रुसावरून उतरवतात. मूर्ती जुनी, माणसाएवढी, खांद्यातून हात वळतात. क्रुसाला दोन शिड्या लावायच्या. लाल झगे घातलेले दोघे दोन बाजूंनी चढतात, खिळे काढतात, काखेतून पांढरं कापड घालतात आणि दोन टोकं धरून मूर्ती हळूहळू खाली सोडतात. खाली तिसरा माणूस पाय धरतो. चढणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि बाप चढला म्हणून मुलगा चढतो, असा रिवाज आहे. एका शिडीवर माझा बाप होता, दुसऱ्या शिडीवर इनासचा. त्यांच्यानंतर मी आणि इनास. माझ्यानंतर डॅरेन चढणार होता. एका हाताने शिडी चढता येते, पण कापड धरता येत नाही.

लोक म्हणायचे, निकोलस, आता शिडी सोड, त्याच्यासमोर कशाला उभा राहतोस? मी सोडली नाही. वर्षातून एकदा इनासचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर यायचं आणि त्याला नजर खाली घालावी लागायची. तेवढ्यासाठी मी चढायचो.

२०२४ च्या गुड फ्रायडेला पाय धरणारा माणूस तापाने पडला. फादरनी डॅरेनला उभं केलं. मला वरून त्याचं टक्कल पडू लागलेलं डोकं दिसत होतं. आम्ही खिळे काढले, कापड घातलं. इनासचा चेहरा घामाने निथळत होता. त्याला साखरेचा आजार, त्यात पोट रिकामं. अर्ध्यावर आलो आणि त्याच्या हातातून कापड सुटलं.

मूर्ती त्याच्या बाजूने कलंडली. माझं टोक मी सोडलं नाही, पण एका टोकाने काय होणार? बायका किंचाळल्या. डॅरेन पुढे झाला, मूर्ती छातीवर घेतली आणि उरलेल्या हाताने व थोट्या मनगटाने आवळून धरली. इनास शिडीवरून घसरत खाली बसला.

मागून कोणीतरी बोललं, "प्यायलाय." मग दुसरं, "आजच्या दिवशी!" बघता बघता सगळ्या देवळात तोच शब्द फिरला.

फादरनी माझ्याकडे बघितलं. "निकोलस, तू जवळ होतास. वास आला का?"

दारूचा वास नव्हता. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तो वास होता, दुसरा काही नाही. इनासने मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "निकोलस, सांग ना रं."

मी शिडीवरूनच विचारलं, "आधी तू सांग, इनास. त्या दिवशी माझ्या पोराच्या तोंडाला वास होता का?"

इनासने मान खाली घातली.

"मग मलाही आठवत न्हाय," मी म्हटलं.

हे बोलताना मला जे सुख झालं ते खोटं कशाला सांगू? जाळ्यात आलेला मासा तडफडताना बघावा तसा मी त्याला बघत होतो. घरी जाईल, दार लावेल, नातवंडं विचारतील, आजोबा, तुम्ही प्यायला होता का? विचारू देत.

तेवढ्यात डॅरेन बोलला, "फादर, काका प्यालेले न्हाय. उपासाने चक्कर आली त्यांना. मी खाली होतो, तोंड माझ्यावरच होतं. आता ही मूर्ती कुठे ठेवू ते सांगा, हात भरून आला."

मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. मी इतकी वर्षं जपलेली वस्तू त्याने फुकट देऊन टाकली.

पण ज्युलिएट बाकावरून उठली. "ऐकलंस ना, इनास? माझ्या पोराने तुझी बाजू घेतली. आता तुझं तोंड उघड. न्हायतर मी तिथे येऊन उघडते."

इनास शिडीला धरून उभा राहिला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. "पोरगा शुद्धीत होता. चालू विंचमध्ये हात घाल, असं मीच ओरडलो. बोटीचं नाव जाईल म्हणून खोटं बोललो."

मग आम्ही मूर्ती तिच्यासाठी मांडलेल्या खाटेवर ठेवली.

ईस्टरनंतर तो आमच्या घरी आला. मी ओट्यावर बसलो होतो, त्याला वर ये म्हटलं नाही.

"माफ केलंस का?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"मग काय करू?"

"जा घरी."

डॅरेन आतून बिनसाखरेचा चहा घेऊन आला. इनासने उभ्यानेच प्यायला. कप त्याने डॅरेनच्या हातात दिला तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.

इनासच्या मातीला मी गेलो, कारण समोरच्या शिडीचा माणूस होता. कबरीपाशी प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली तेव्हा मी तोंड मिटून उभा राहिलो. शेजारी डॅरेनने ती मोठ्याने म्हटली, आम्हा दोघांची मिळून म्हणावी तशी. मी त्याला थांबवलं नाही.

इनास नाखवा शुक्रवारी, २ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी त्याच्या घरी वारला.