करंगळी तेवढी तिची राहिली

मी भिंतीवरची बाई बोलतेय. कुणी विश्वास ठेवला नाही, ते आधी सांगते. मालकीण घसा फोडून सांगत होती, "अहो, हिचं तोंड बदललंय. हनुवटीवरचा तीळ कुठे गेला?" मालक पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तीळ नव्हताच. चष्मा बदल." लेक हसला, सून हसली. बिचारीनं खरंच चष्मा बदलला. मी तर नुसतं चित्र, मला कोण विचारतंय?

चित्रकारानं मला रंगवलं तेव्हा त्याच्याकडे बसायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोलाच खिडकीशी बसवलं, वाटाणे सोलत. ती हलली की हा खेकसायचा. तीळ तिचा, वाकडी करंगळीही तिचीच.

मालकांनी मला घरी आणलं आणि माझ्यामागोमाग चित्रकारही आला. दर रविवारी जेवायला. त्यानंच मालकांना रसिकराव म्हणायला सुरुवात केली. स्वारी त्या नावावर अशी फुगली की बारशाचं नाव विसरली. पाहुणे आले की आधी मला दाखवायचं, मग "हा आमच्या घरचाच" म्हणून त्याला दाखवायचं. मालकीण आत भांडी घासत असायची.

पुढे चित्रकारानं बायकोला सोडलं. दुसरी घेऊन आला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ही टक लावून बसते. मला घास गिळवत नाही."

पुढच्या रविवारी तो रंग घेऊनच आला. मालकीण माहेरी गेली होती.

"रसिकराव, नको म्हणालात तर राहू दे."

"छे रे, चित्र तुझंच. फक्त इथे माझ्यासमोर बसून रंगव. चार लोकांना सांगता येईल."

त्यानं चिंधीनं माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि वर दुसरीचं तोंड चढवलं. हातांना हात लावला नाही. कंटाळला असेल.

परवा पहिली बायको आली. केस पिकलेले. "भावजी, एकदा बघू द्या. त्या वयातला माझा एक फोटोसुद्धा नाही."

"या की वहिनी. तुमचंच चित्र आहे."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्या बोटांपाशी वाकली. "करंगळी माझी आहे. तोंड कुणाचं?"

मालक घसा खाकरून म्हणाले, "आता कलाकाराचा हात कोण धरणार?"

"म्हणजे बदललं होतं," मालकीण म्हणाली. चष्मा काढून तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाहुणी पाणी न पिताच गेली.

खालचं तोंड अजून आहे. गुदमरतंय. कुणी जाणता भेटला तर वरचं खरवडून घ्या, माझं काय व्हायचं ते होवो.

चित्रकाराला शिव्या घालायच्या तर घाला, पण त्यानं एकदा विचारलं तरी होतं. त्या दुपारी मला खिळ्यावरून उतरवून, मांडीवर उभी करून, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरणारा माणूस वेगळा होता. रसिकराव.