नऊ टक्के

ओडालिसने फेर्मिनला दाराआड ढकललं, तोंडावर बोट ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. फेर्मिन उलट्या बादलीवर बसला. धिप्पाड माणूस, पण रोज संध्याकाळी त्याची अशी टॉवेलासारखी घडी व्हायची.

पडद्यावर स्पेनहून लेक उगवला, रेनिएर.

"आई, वीज गेली ना?"

"आली कधी होती?"

"बॅटरी ब्याऐंशी दिसतेय. मग निवांत बोलू."

सगळी गोम तिथेच होती. परदेशी जाताना पोराने आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली, वर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आईची बॅटरी किती उरली, ते त्याला तिकडे बसून दिसायचं. अंधारात ती एकटी नको, म्हणून दहा टक्के होईपर्यंत तो फोन ठेवत नसे. जुनी बॅटरी बिचारी लवकर मान टाकायची. पण फेर्मिनला प्रेमाचं भरतं आलं आणि त्याने नवी बसवली. ती अशी चिवट निघाली, की अख्ख्या हिबारा गावातल्या कोंबड्या पिल्लं काढून मोकळ्या झाल्या तरी ही आपली ऐंशीवर!

"कागद तयार आहेत, आई. घराला कुलूप घाल आणि ये. तिथे आहे कोण तुझं?"

दाराआड बादली करकरली, पाठोपाठ खोकला आला.

"मांजर आहे," ओडालिस म्हणाली.

"मांजर खोकतं?"

"म्हातारं आहे."

फोन संपला तेव्हा भात गार झाला होता. फेर्मिन गुडघे चोळत बाहेर आला.

"सांगून टाका ना त्याला. या वयात मी बादलीवर मरायचं का?"

"सांगेन हो. गेलेल्या बापाची खुर्चीसुद्धा हलवू देत नाही तो."

"मग बॅटरीचं तरी बघू." त्याने लॅपटॉप ओढला. "या मशीनला सगळं जग म्हणजे फायलीच. बॅटरीचीही एक आहे, आत फक्त आकडा."

"खोडा मग."

"ती फाईल मशीन स्वतः लिहितं, आपल्याला हात लावू देत नाही. पण तुमच्या लेकाच्या प्रोग्रॅमला मी दुसरीच फाईल दाखवतो." त्या खोट्या फाईलमध्ये त्याने नऊ लिहिले.

दुसऱ्या दिवशी रेनिएर दचकला.

"नऊच? बरं, पटकन विचारतो. तिकीट काढू का?"

"बघू."

"आई, बघू नको. हो की नाही?"

तिने पदराशी चाळा करावा तसा झग्याचा काठ पिळला. तो वाट बघत राहिला. मग त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"नऊचे आठ का होत नाहीयेत?"

"चिवट आहे बॅटरी."

तिकडे बटणं वाजू लागली. थांबली. पोराने तिकडूनच आईच्या मशीनमधलं काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तुला येत नाही. कुणी केलं?"

दाराआड बादली पुन्हा करकरली. ओडालिसचा हात लॅपटॉपच्या झाकणावर होता. नुसतं मिटायचं, की सुटका. उद्या पुन्हा बादली.

ती उठली. भिंतीकडची नवऱ्याची खुर्ची तिने फरफटत आणून आपल्या शेजारी ठेवली.

"या हो बाहेर," ती म्हणाली. "आणि तिकीट काढू नकोस, रेनिएर."

फेर्मिन आला. कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो बॅटरीच्या आकड्याकडे बघत उभा राहिला.



"खरी किती आहे?" रेनिएरने विचारलं.

"एक्याण्णव," फेर्मिन म्हणाला.

"मग बसा."